वांगरवाडीच्या कॅरमची चार भोकं

गुंडातात्या सुतारांना काम सांगायचं म्हणजे आधी अर्धा तास त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी ठेवावी लागते. दार बदला म्हटलं, की हे दार इथंच का बसवलं होतं? खिडकी बुजवा म्हटलं, की ही उघडली कुणी आणि कशापायी? बरं, माणूस साठीला आलेला, हाताला कुणी नाव ठेवणार नाही असं काम. पण काम हातात घ्यायच्या आधी चौकशी ही पाहिजेच. कडेगावपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या आमच्या वांगरवाडीत त्यांच्या या खोडीला सगळे वैतागलेले आहेत आणि सुतार बदलायला कुणीही तयार नाही.

ही खोड त्यांना उगाच लागलेली नाही. ऐन उमेदीत ते एकदा पाटणकडं एका घरी कामाला गेले होते. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, आणि गोठा यांच्यामधे फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीला बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवर एक भोक. मालक म्हणाला, "वारं येतंय, बुजवा." तात्यांनी खुट्टी घासून तयार केली, पण ठोकायच्या आधी घरातल्या मनुबाई म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, ते माज्या सासूनं पाडलंय. म्हस व्यायला झाली की माणूस बघून अडती. हितनं बसून गपचिप बघायचं." मालकाच्या दावणीला तेव्हाही गाभण म्हैस होती, पण त्याला स्वतःच्या घरातल्या भोकाचा पत्ता नव्हता. तात्यांनी भोक बुजवलं नाही, त्याला सरकतं झाकण केलं. आणि त्या दिवसापासून मनाशी धरलं, की आपल्या आधी ज्यानं हत्यार चालवलं तो काही येडा नव्हता. त्यानं तसं का केलं ते कळल्याशिवाय आपण हत्यार चालवायचं नाही.

त्यांच्या बायकोला, क्रांतीकाकूंना, हे तत्त्व वगैरे काही पटत नाही. त्या कुंडलकडच्या, बोलायला एकदम रोखठोक. "तुमी सुतार हाय का फौजदार?" असं त्या आठवड्यातून एकदा तरी विचारतात.

तर, मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी गावच्या मंडळाचा अध्यक्ष विश्वजित पिकअप घेऊन तात्यांच्या दारात आला. मागं गोधडीत गुंडाळलेला मंडळाचा कॅरम बोर्ड. आणि त्याच्यामागं सायकलवर शिवांजली घार्गे, बारावीतली पोरगी, वेणी पाठीवर टाकलेली आणि तोंड रागानं लाल.

"तात्या, भोकं मोठी करायची हायेत. चारी. शुक्रवारच्या आत," विश्वजित म्हणाला.

"का?"

विश्वजितनं कपाळाला हात लावला. "झालं सुरू! आवं, ल्हान हायेत म्हणून."

"ल्हान का हायेत?"

"ते मला काय ठावं? माज्या जन्माच्या आधीचा बोर्ड हाय त्यो!"

शिवांजलीनं गोधडी बाजूला केली, खिशातनं स्ट्रायकर काढला आणि कोपऱ्यातल्या भोकावर ठेवला. स्ट्रायकर तिथं डब्याच्या झाकणासारखा बसला. आत गेला नाही. तिनं बोटानं दाबून दाखवला, तरी नाही.

"बघा तात्या. जातच न्हाई. नियमात भोक पावणेदोन इंचाचं लागतंय. आपलं दीडचं हाय. मी कंपासमधल्या पट्टीनं चारी मोजली."

आता कॅरम न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. सोंगटी भोकात गेली तर आपली, पण तिला मारायचा स्ट्रायकर आत गेला तर फाउल. मिळवलेली एक सोंगटी समोरच्याच्या हातात द्यायची आणि ती त्यानं मधल्या गोलात परत ठेवायची. त्याच फटक्यात सोंगटी गेली असेल तर तीही तिथंच परत. म्हणून बाहेरचा खेळाडू जोर जपून लावतो. वांगरवाडीत स्ट्रायकर आत जायचा प्रश्नच नाही, त्यामुळं इथली पोरं जन्मापासून ताकदीनं हाणतात. गावात एकेकजण वाघ. आणि हेच वाघ विट्याला नाहीतर कराडला स्पर्धेला गेले, की पहिल्याच फेरीत घरी.

गंमत अशी, की चाळीस वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की दोष आपल्या बोर्डात असेल. हरून आलेली मंडळी चावडीपुढं बसून छातीठोक सांगायची, "आवं त्यांची भोकं लय ढिली. भोकं कसली, इहिरी हायेत! स्ट्रायकर पडतोय त्यात!" आणि ऐकणारे मान डोलवायचे, की बरोबर आहे, बाहेरच्या लोकांना बोर्ड करायची अक्कल नाही. काय म्हणावं या गावाला!

शिवांजली तशीच हरून आली होती. विट्याला, चार वेळा स्ट्रायकर आत. पण ही पोरगी चावडीपुढं बसली नाही. तिनं नियम वाचला आणि पट्टी काढली.

"रविवारी सांगलीत जिल्ह्याची निवड हाय," ती म्हणाली. "चारच पोरी घेणार. माझा हात बसलाय ह्या बोर्डावर. सहा दिसांत तो मोडायचाय मला तात्या. दुसरा बोर्ड न्हाई चालत. मंडळानं नवा आणलाय, पण त्याच्यावर सोंगटी रांगत जाती. ह्याची पळ मॅचच्या बोर्डासारखी हाय. फकस्त भोकं चुकलीत."

भोकं चुकलीत. हेच वाक्य तात्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. हा बोर्ड केला होता लालासाहेब घार्ग्यांनी, फौजेत असताना, रेजिमेंटच्या वर्कशॉपात. गावात सुताराचं घर असताना बोर्ड फौजेतनं आला याचा तात्यांच्या वडिलांना असा राग, की ते मरेपर्यंत म्हणत राहिले, "फौजीला बंदूक धरता येती, कंपास न्हाई." तात्या तेव्हा वीस वर्षांचे होते आणि कराडला एका वखारीत काम शिकत होते. घरी आले तेव्हा बोर्ड मंडळात बसला होता आणि वडील फुगून बसले होते.

तात्यांनी बोर्ड कामाच्या लाकडी घोड्यांवर पालथा घातला. अर्ध्या इंचाचा प्लाय, चाळीस वर्षांनीही सरळ. कडेच्या पट्ट्यांचे सांधे असे जुळलेले, की नख जात नव्हतं. असले सांधे करणाऱ्याची चार भोकं चुकतात? एक चुकेल. चारी, आणि तीही अगदी सारखी? त्यांनी भोकांखालच्या जाळ्यांचे खिळे पकडीनं हळूच उपटले, जाळी बाजूला केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाकडाला नाक लावून बघितलं.

"आयला!"

"काय झालं?" विश्वजित दचकला.

जाळीखालच्या लाकडावर, भोकाच्या कडेबाहेर, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीची एक रेघ होती. बारीक, गोल. जाळीच्या कापडानं झाकलेली म्हणून इतकी वर्षं टिकलेली. तात्यांनी पट्टी लावली. पावणेदोन इंच. बरोब्बर पावणेदोन, केसाचाही फरक नाही. दुसरं भोक बघितलं, तिथंही तीच रेघ. चारही ठिकाणी.

म्हणजे लालासाहेबांना माप माहीत होतं. त्यांनी ते आखलं होतं. आणि आखल्यावर त्या रेघेवर न कापता आत, दोन सुतं लहान कापलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुतांचा फरक हात हलला म्हणून पडत नाही. तात्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी एकदा जरी बोर्ड उलटा करून बघितला असता, तर बिचाऱ्यांचा राग तरी गेला असता. की वाढला असता? कोण जाणे.

"आता करा सुरू," विश्वजित म्हणाला.

"न्हाई."

"का?"

"आता तू विचारतोस व्हय का म्हणून? ह्या माणसानं बरोबर आखलंय आन् जाणून बारीक कापलंय. मला कळल्याबिगर मी कापणार न्हाई. बारकं भोक मोठं करता येतंय, मोठ्याचं बारकं करता येत न्हाई."

विश्वजित तणतणत पिकअपकडं गेला. "म्हाताऱ्याला विचारायला जायचं आसंल तर आजच जावा! आन् त्यो न्हाई म्हणला तर? बोर्ड मंडळाचा हाय, त्याचा न्हाई!" शिवांजली मात्र गेली नाही. ती पालथ्या बोर्डावर वाकली आणि त्या जांभळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. तात्यांना ते आवडलं. गावात आपल्यासारखं खुळं अजून एक आहे, असं वाटून बरं वाटलं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"लालाआबा माज्या आज्याचे चुलतभाऊ," ती म्हणाली. "दोघं रोज दुपारी ह्याच्यावर खेळायचे. आजा जाईपर्यंत. मी त्यांच्यातच बसून शिकले. पण भोकाचं कोण कवा काय बोललं न्हाई."

दुपारी तात्या लालासाहेबांकडं निघाले. क्रांतीकाकू ताटं धुताधुता म्हणाल्या, "गेलं फौजदार तपासाला."

लालासाहेब ऐंशीच्या घरात. पाठ अजून ताठ, मिशी कातरलेली, अंगात लोकरीचा हिरवा स्वेटर. उसाला पाणी सोडून आले होते आणि अंगणात पायावरचा चिखल धूत होते. तात्यांनी बोर्डाचं नाव काढलं तसा त्यांचा हात थांबला.

"भोकाला हात लावू नको गुंडा."

"आवं पण दादा..."

"सांगितलं न्हवं? बोर्ड चांगला हाय तसा हाय. परत नेऊन ठेव."

फौजेतला आवाज. दुसरा कुणी असता तर चपला घालून निघाला असता. पण तात्यांचं कसं, की 'का' पोटात राहिला तर त्यांना जेवण जात नाही. ते बाजेवर बसले, पाणी मागितलं, प्याले, आणि म्हणाले, "दादा, तुमी पावणेदोन आखलं हुतं. मी रेघ बघितली. तुमच्याकडं पावणेदोनचं पातं न्हवतं का?"

तांब्यातलं उरलेलं पाणी लालासाहेबांनी पायावर ओतलं.

"हुतं," ते म्हणाले. "दोन्ही हुती. दीडचं आन् पावणेदोनचं. एकाशेजारी एक ठिवलेली. मी पावणेदोनचं उचललं, आन् परत ठिवलं."

"का?"

मग त्यांनी सांगितलं. तात्या नंतर म्हणायचे, की मी आयुष्यभर लोकांना 'का?' विचारत फिरलो, पण एवढं जड उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

या बोर्डाच्या आधी एक बोर्ड होता, बाजारातनं आणलेला, बरोबर मापाचा. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात लालासाहेब सुट्टीवर आले होते. एके दुपारी ते आणि त्यांचा चुलतभाऊ मानसिंग, म्हणजे शिवांजलीचा आजा, समोरासमोर, बरोबर आणखी दोघं. ते दोघं आता हयात नाहीत. लालासाहेबांची शेवटची सोंगटी गेली, आणि तिच्यामागं स्ट्रायकरही गेला. जिंकता जिंकता फाउल. मानसिंगनं हात पुढं केला, "दे सोंगटी." लालासाहेब म्हणाले, तुझा गुडघा लागला, बोर्ड हलला. मानसिंग म्हणाला, न्हाई लागला. शब्दानं शब्द वाढला, बांधाचं निघालं, वाटणीचं निघालं, कॅरमशी ज्याचा संबंध नाही ते सगळं निघालं.

"स्ट्रायकर हाडाचा हुता त्या काळी," लालासाहेब म्हणाले. "जाड. माज्या हातात हुता. मी फेकला. हितं लागला." त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.

मानसिंगच्या भुवईवरचा वण सगळ्या गावानं बघितला होता. आणि सगळ्या गावाला मानसिंगनंच सांगितलं होतं, की बैलानं शिंग मारलं.

"माजं नाव त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. बायकोलासुदिक न्हाई. पण माज्याशी बोलायचा थांबला. मी त्यो बोर्ड बंबात घातला आन् सुट्टी संपायच्या आधीच युनिटला गेलो. आठ म्हैनं झोप न्हाई गुंडा. पत्र लिवायला बसायचो आन् फाडायचो. मग म्हणलं, बोर्ड करू. लिवण्यापरीस ते सोपं वाटलं. आखला बरोबर. आन् कापायच्या टायमाला वाटलं, ही भोकं केली तर परत त्येच. स्ट्रायकर पडणार, फाउल हुणार, कोणतरी हात पुढं करणार. म्हणून दीडचं पातं लावलं. पडूच नये. भांडणच नको."

"आन् मग?"

"मग काय. कराडपातूर रेल्वेनं आणला, फुडं यष्टीच्या टपावर. त्याच्या अंगणात नेऊन ठिवला. त्यो आला, बघितला. खिशात हात घातला, स्ट्रायकर काढला आन् भोकावर ठिवला. आत गेला न्हाई. लय येळ बघत बसला. मग हसला आन् म्हणला, 'बस.'"

लालासाहेबांनी स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं.

"त्यानंच त्यो बोर्ड मंडळात ठिवला, आन् पस्तीस वर्सं खेळलो आमी. रोज. त्यो गेला, पण माजं चुकलं आसं मी त्याला एकदासुदिक म्हणलो न्हाई. बोर्ड करून दिला, तेवढंच."

असा माणूस समोर रडायला आला की सुताराच्या हाताला काही काम नसतं. शेवटी जे खरं होतं तेवढंच तात्या म्हणाले. "दादा, मानसिंगची नात विट्याला हरली. चार फाउल. तिला ठावंच न्हाई स्ट्रायकर पडतो म्हणून. रविवारी सांगलीला निवड हाय तिची."

"चार?" लालासाहेबांनी मान वर केली.

"चार."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. आपण आपली चूक झाकायला जे केलं त्याचा भुर्दंड ही पोरगी भरते आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार. ते उठले, स्वेटर खाली ओढला आणि म्हणाले, "माज्या रेघेवर काप. आत न्हाई, भाईर न्हाई. रेघेवर."

काप म्हणणं सोपं आहे. मंगळवारी सकाळी तात्या कडेगावातनं पावणेदोनचं होल सॉ घेऊन आले. म्हणजे डबीसारखं गोल दातेरी पातं, आणि त्याच्या मधोमध एक बारीक ड्रिल. ते ड्रिल आधी लाकडात रुततं आणि पात्याला जागेवर धरून ठेवतं. पण इथं ड्रिल रुतायला मधे लाकूडच नाही, नुसतं भोक! तसंच पातं लावलं तर ते नाचतं, बोर्डावर फरफटत जातं आणि चाळीस वर्षांचा गुळगुळीत पृष्ठभाग एका सेकंदात ओरबाडून ठेवतं. नवशिके इथंच फसतात. साधणार कसं मग?

उपाय जुना आहे. आधी भोक बुजवायचं, मग नवं पाडायचं. तात्यांनी सागाचे चार गट्टू कापले, कानशीनं घासून घासून दीड इंचाच्या भोकात घट्ट बसतील असे केले, फेविकॉल लावून ठोकले आणि वरून बोर्डाशी सपाट केले. क्रांतीकाकू चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"आवं, भोकं मोठी करायची हुती न्हवं? तुमी तर बुजवली!"

"बुजवल्याबिगर मोठी हुत न्हाईत."

"शाब्बास," काकू म्हणाल्या आणि कप ठेवून निघून गेल्या.

दुसरी अडचण तात्यांना गट्टू वाळत असताना सुचली. भोक कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांना चिकटून असतं. जुन्याच मध्यावर मोठं भोक पाडलं तर ते दोन्ही बाजूंनी एकेक सूत पट्टीखाली घुसणार. म्हणजे मध्य सरकवायला पाहिजे, पट्ट्यांपासून दूर, बोर्डाच्या आतल्या अंगाला. किती? त्याचं उत्तर लालासाहेबांच्या रेघेत होतं. त्या रेघेवरून तात्यांनी कंपासनं मध्य काढला, तो बरोबर गट्टूवर पडला, जुन्या मध्यापासून जरा सरकून. चाळीस वर्षांपूर्वी त्या फौजीनं हाही हिशेब केला होता. तात्यांनी मनातल्या मनात वडिलांना हाक मारली, "अण्णा, ह्याला कंपास धरता येत हुता बरं का."

बुधवारी सकाळी त्यांनी आधी एका टाकाऊ फळीवर असाच गट्टू मारून करून बघितलं. मग बोर्ड. पालथ्या बाजूनं मध्यावर बारीक ड्रिल आरपार काढलं, बोर्ड सुलटा केला, आणि वरून त्या बारीक छिद्रात होल सॉचं ड्रिल बसवून मशीन हळू फिरवलं. शिवांजली कॉलेज बुडवून दारात उभी होती. सागाचा आणि जुन्या प्लायचा जळका वास पसरला. तात्या दर दोन-चार फेऱ्यांनी थांबायचे, भुसा फुंकायचे, पुन्हा फिरवायचे. पहिली चकती सुटून खाली पडली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. तिनंही सोडला, तात्यांना ऐकू आला.

कड घासून झाल्यावर तिनं वाकून बघितलं. भोकाच्या मागच्या अंगाला, अगदी कोपऱ्याकडं, सागाची एक बारीक तांबूस कोर राहिली होती.

"हे काय तात्या? राहिलं का?"

"ते जुन्या भोकाचं हाय. मध्य सरकवला ना, म्हणून तेवढं भाईर राहिलं. खेळायला आडवं येत न्हाई."

"काढू नका मग," ती म्हणाली. चारही भोकांना तशी एकेक कोर राहिली आहे. बोर्ड बघायला आलात तर दिसेल.

रविवारचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडंच राहील. सांगलीत शिवांजलीचा स्ट्रायकर दिवसभरात एकदाच पडला, आणि निवडलेल्या चार पोरींत ती चौथी आली. विश्वजितनं गावात फटाके उडवले आणि भोकं मोठी करायची कल्पना आपलीच होती असं तो अजून सांगतो. सांगू दे. पण आमची गोष्ट तिथं नाही, आधीच्या गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आहे.

बोर्ड जागेवर बसला, वरचा बल्ब लावला, पावडर टाकली. शिवांजली सरावाला बसली. समोर विश्वजित बसणार तोवर दारात लालासाहेब उभे. मानसिंग गेल्यापासून ते मंडळात पाऊल टाकत नव्हते. विश्वजित चटकन उठला. म्हातारा त्या जागेवर बसला, बोर्डाच्या कडेवरून एकदा हात फिरवला, भोकात बोट घालून सागाची कोर चाचपली आणि तात्यांकडं बघितलं. तात्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आजवर कुणाला काही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आणि क्रांतीकाकूंसमोर तीन दिवस तोंड मिटून बसणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत.

खेळ सुरू झाला. म्हाताऱ्याचा नेम अजून होता. एक सोंगटी घेतली, दोन घेतल्या. पोरगी जपून खेळत होती, जोर आवरत होती, आणि आवरताना दात खात होती. तिसऱ्या सोंगटीला लालासाहेबांनी सवयीनं, पस्तीस वर्षांच्या सवयीनं, ताकद लावली. सोंगटी आत गेली. तिच्यामागं स्ट्रायकर गेला. जाळीत टप्प असा आवाज आला.

या बोर्डावर तो आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

"आसू द्या आबा, हात नवा हाय," विश्वजित म्हणाला. "परत मारा."

"व्हय आबा, राहू द्या," शिवांजलीही म्हणाली. "सरावच हाय."

लालासाहेबांनी मान हलवली. जाळीतनं स्ट्रायकर काढला, आत्ता गेलेली सोंगटी काढली. मग शेजारी ठेवलेल्या आपल्या दोन सोंगट्यांतली एक उचलली आणि हात पुढं केला.

"घे," ते म्हणाले. "फाउल माजा हाय."

तिनं घेतली. "आबा, एवढं काय त्यात?"

"तुज्या आज्याची हाय ती पोरी. त्यानं मागितली हुती, मी दिली न्हाई." त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं, जिथं वण नव्हता. "त्याला बैलानं न्हाई मारलं. मी मारलं. ह्या एका सोंगटीपायी. माजं चुकलं हुतं."

शिवांजलीच्या मुठीत सोंगटी होती. ती म्हाताऱ्याकडं बघत राहिली, मग त्याच्या भुवईकडं, मग भोकाकडं. तात्यांना वाटलं ही आता रडेल, नाहीतर उठून जाईल, आणि आपण हे भोक पाडायलाच नको होतं. एखाद्या कामाचं 'का' कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिनं मूठ उघडली. नियमात सांगितलंय तशी सोंगटी मधल्या गोलात ठेवली, बोटानं जराशी सरकवून नीट केली. बाहेर काढलेली दुसरी तिच्याशेजारी ठेवली. मग स्ट्रायकर स्वतःकडं ओढला.

"मिळाली," ती म्हणाली. "बसा आबा. आता माजी पाळी हाय."